खूण सांगा आणि घेऊन जा

गेल्या श्रावणात आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मला एक कुडी सापडली. एकच. भोवती सहा मोती, मधे लाल खडा, एका मोत्याला केसाएवढी चीर. सगळे करतात तेच मी केलं. तळहातावर ठेवून फोटो काढला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'कोणाची आहे?' खाली अंगठे आले, जोडलेले हात आले, 'तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय' असंही कुणी लिहिलं. दहा मिनिटांत मी सत्पुरुष झालो. अर्ध्या तासात दोघींचे फोन आले आणि दोघींनी कुडीचं वर्णन बिनचूक केलं. सहा मोती, लाल खडा, एकाला चीर. करणारच, फोटोत सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी हा घोळ ऑफिसात सांगितला. आमच्याकडे एक काका आहेत, निवृत्तीला आलेले, ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांनी डबा उघडता उघडता विचारलं, "फोटो टाकलास? मग खूण काय शिल्लक ठेवलीस?" आणि पुढे म्हणाले की आमच्या तल्मुदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) कायद्यावरच्या वादांच्या ग्रंथात, यावर आख्खा अध्याय आहे, वाच जरा.

वाचला. त्यानंतर माझं एक मत झालं आहे, आणि ते सोसायटीच्या ग्रुपवर मांडण्यासारखं नसल्यामुळे इथे मांडतो. आपल्याकडे सापडलेली वस्तू परत करणं हा सद्गुण आहे, ज्यू कायद्यात ते काम आहे. सद्गुणाचा सत्कार होतो. कामाला मात्र पद्धत, मर्यादा आणि जबाबदार माणूस लागतो. आपण सत्कारात पक्के आहोत, पद्धतीत कच्चे.

मूळ आज्ञा छोटी आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेलं दिसलं तर ते त्याच्याकडे पोचव; तो लांब राहत असेल किंवा तुझ्या ओळखीचा नसेल तर घरी आण आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळ; कपड्याचंही तसंच, हरवलेल्या कुठल्याही वस्तूचं तसंच. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या पुस्तकातल्या या आज्ञेचा शेवट 'लो तुखाल लेहितअलेम' या शब्दांनी होतो. म्हणजे तुला डोळेझाक करता येणार नाही. दुसऱ्या पुस्तकात तर वैऱ्याच्या बैलाचं आणि गाढवाचं नाव घेऊन हेच सांगितलं आहे. म्हणजे चोरू नकोस एवढ्यावर भागत नाही. पाहिलंस, आता तू बांधला गेलास. वाट बदलून पुढे जाणं हाच गुन्हा.

आता बैल रोज सापडत नाही. सापडतात नाणी, पोती, रुमाल. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे तल्मुदाच्या गाभ्यातल्या कायदेसंग्रहात, 'बावा मेत्सिया' म्हणजे 'मधलं दार' नावाच्या भागाचा दुसरा अध्याय सरळ यादीनेच सुरू होतो. विखुरलेली फळं, विखुरलेली नाणी, रस्त्यावर पडलेल्या लहान पेंढ्या, अंजिराच्या चकत्या, बेकरीवाल्याचे पाव, माशांच्या माळा, मांसाचे तुकडे ही सापडली तर तुझी. भांड्यातली फळं, थैलीतले पैसे, एकावर एक रचलेली तीन नाणी, घरी भाजलेली भाकर सापडली तर दवंडी दे. बेकरीचा पाव आणि घरची भाकर यांत फरक का, हे कुठल्याही मराठी आईला सांगावं लागणार नाही. बेकरीचे पाव सगळे एका साच्याचे. घरच्या भाकरीवर हाताची ओळख असते.

धार्मिक ज्यू शाळांमध्ये मुलांना तल्मूद शिकवायला पुष्कळदा याच अध्यायापासून सुरुवात करतात. नऊ-दहा वर्षांचं पोर देवाच्या स्वरूपावर नव्हे, तर रस्त्यात पडलेल्या पावावर वाद घालायला शिकतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

वाद दोन शब्दांभोवती फिरतो. एक 'सिमान', म्हणजे खूण. दुसरा 'येऊश', म्हणजे आशा सोडणं. वस्तूला खूण असेल तर मालकाला आशा असते, 'मी ओळखीन, मला मिळेल.' खूण नसेल तर तो मनातल्या मनात तिच्यावर पाणी सोडतो, आणि त्याने पाणी सोडल्यावर ज्याच्या हाती ती लागली त्याची ती झाली. मग प्रश्न येतो की वस्तू पडली पण मालकाला अजून पत्ताच नाही, तर? कळलं असतं तर त्याने आशा सोडलीच असती, तेव्हा सोडली असंच धरावं, असं रावा हा पंडित म्हणतो. दुसरा पंडित अबाये म्हणतो, नाही. ज्याला हरवल्याचं माहीत नाही त्याने आशा सोडली असं तुम्ही परस्पर ठरवू शकत नाही. चौथ्या शतकात बाबिलोनियात झालेल्या या वादाची पानंच्या पानं आहेत. रावाशी झालेल्या शेकडो वादांपैकी जेमतेम सहा ठिकाणी अबायेचं मत कायदा म्हणून उभं राहिलं, त्यातलं हे एक. ज्याला आपलं गेल्याचं ठाऊकच नाही त्याचा हक्क शाबूत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग विखुरलेली नाणी उचलणाऱ्याची कशी? त्यांच्या मालकाला तरी कुठे माहीत असतं? त्यावर रब्बी इत्झाक म्हणतात, माणूस घडोघडी आपली थैली चाचपून पाहतो, त्यामुळे पैसे गेल्याचं त्याला एव्हाना कळलेलं असणारच. दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहून पाच मिनिटं माणसांचे हात बघा. दीड हजार वर्षांत काही बदललेलं नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. त्या अध्यायाप्रमाणे सापडवणाऱ्याने वस्तूचा प्रकार पुकारायचा, 'एक वस्त्र सापडलंय', आणि खूण गिळून बसायचं. खूण येणाऱ्याने सांगायची. नुसता प्रकार सांगितला, खूण सांगता आली नाही, तर द्यायचं नाही. खूण सांगितली पण माणूस लबाड म्हणून माहीत असेल तरीही द्यायचं नाही. मूळ वचन आहे 'तुझा भाऊ शोधत येईपर्यंत', आणि रब्बींनी ते वाकवून वाचलं, 'तू तुझ्या भावाचा शोध घेईपर्यंत', म्हणजे तो खरा की खोटा हे तपासेपर्यंत. पूर्वी खूण सांगणाऱ्याला वस्तू देत असत. लबाड वाढले तेव्हा 'हा लबाड नाही' असे साक्षीदार आण, असा नियम केला. म्हणजे 'आजकाल जग बिघडलंय' ही तक्रार तेव्हाही होती. फरक इतकाच की त्यांनी बिघडलेल्या जगासाठी नियम दुरुस्त केला, नियमच सोडून दिला नाही.

आणि पुकारायचं कुठे? जेरुसलेममध्ये एक शिळा होती. ज्याला सापडलं तो तिथे येऊन पुकारी, ज्याचं हरवलं तो तिथे येऊन खुणा सांगे. किती दिवस? रब्बी यहूदांचं म्हणणं, तीन यात्रा-सणांपर्यंत, आणि शेवटच्या सणानंतर आणखी सात दिवस. ते सात दिवस कसे मोजले ते पाहा. ऐकणाऱ्याला घरी जायला तीन दिवस, परत यायला तीन दिवस, आणि आपली खूण पुकारायला एक दिवस. जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर ही दवंडी सभास्थानांत गेली. पुढे सत्ताधाऱ्यांची माणसं 'सापडलेलं ते राजाचं' म्हणून हिसकावून घेऊ लागली, तेव्हा शेजारीपाजारी हळूच सांगावं असं ठरलं. प्रत्येक टप्प्यावर एकच विचार दिसतो. ज्याचं हरवलं त्याच्या कानापर्यंत ही गोष्ट पोचेल का?

माझी कुडी ज्यांची होती त्यांच्या कानापर्यंत ती पोचलीच नव्हती. त्या आमच्या मजल्यावर तीन घरी स्वयंपाक करतात. सोसायटीच्या ग्रुपमध्ये त्या नाहीत, कामाला येणारं कुणीच नाही. मला कळलं ते योगायोगाने, माझ्या बायकोने त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च मारताना पाहिलं म्हणून. काय शोधताय विचारलं तर आधी "काही नाही" म्हणाल्या. मग कुडीचं बोलल्या. मी खूण विचारली. त्यांनी मोत्याचं नाव काढलं नाही; म्हणाल्या, "फिरकी तिची नाही, पितळेची आहे. मूळची हरवली, बाजारातनं दुसरी घेतली, ती जरा सैलच बसते." डब्यातून काढून पाहिली. पितळेची होती. फोटोत कुडीची पुढची बाजू होती. फिरकी मागे असते.

"आधी का नाही विचारलंत कुणाला?"

"विचारलं असतं तर म्हणाले असते, तुझ्याकडे कुठनं आली सोन्याची कुडी."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. ज्यू कायद्यात आशा सुटते ती वस्तूला खूण नसते म्हणून. इथे खूण होती, सांगणारी मात्र स्वतःला मागायला लायक समजत नव्हती. असा 'येऊश' अबाये आणि रावा यांच्या यादीत नाही. पण त्याच चर्चेत थोडं पुढे एक प्रसंग आहे. रव यहूदा (मघाचे रब्बी यहूदा नव्हेत) आपले गुरू श्मुएल यांच्याबरोबर बाजारातून चालले आहेत. शिष्य विचारतो, इथे कुणाला थैली सापडली तर? गुरू म्हणतात, त्याची. आणि कुणी येऊन खूण सांगितली तर? परत द्यायला तो बांधलेला आहे. दोन्ही कसं खरं? तर म्हणतात, 'लिफनीम मिशुरात हादीन', शब्दशः कायद्याच्या रेघेच्या आत. कायदा रेघेपर्यंत जायची परवानगी देतो, माणसाने रेघेच्या अलीकडे थांबावं. तल्मुदात तर असंही म्हटलं आहे की जेरुसलेम उद्ध्वस्त झालं ते लोकांनी नुसत्या कायद्याच्या रेघेवर निवाडे केले म्हणून.

मला या परंपरेतलं सगळ्यात जास्त पटतं ते सांभाळण्याचं प्रकरण. वस्तू घरी आणलीत, पुढे काय? काम करून खाणारं जनावर असेल तर त्याला कामाला लावा आणि खाऊ घाला. नुसतं खाणारं असेल तर विका आणि पैसे ठेवा. का? 'ते त्याला परत दे' या वचनाचा अर्थ लावला आहे की कसं परत करशील ते बघ. एक वासरू इतर वासरांच्या चाऱ्यात संपवू नकोस. ग्रंथ सापडला तर तीस दिवसांनी एकदा वाच, वाचता येत नसेल तर निदान उलगडून गुंडाळ. वस्त्र सापडलं तर तीस दिवसांनी एकदा झटक, आणि पसरून ठेवायचं ते त्या वस्त्राच्या गरजेपुरतं, स्वतःच्या रुबाबासाठी नाही. चांदी-तांब्याची भांडी वापर, पण झिजवू नकोस. सोन्याच्या आणि काचेच्या भांड्यांना हात लावू नकोस, 'एलियाहू येईपर्यंत', म्हणजे एलियाहू संदेष्टा परत येईपर्यंत.

हे वाचताना मला कुठल्याही पोलीस ठाण्याचं अंगण आठवतं. मुद्देमाल म्हणून आणलेल्या, बेवारस मिळालेल्या दुचाक्या एकमेकींना टेकून गंजत उभ्या असतात. सीटमधून गवत उगवलेलं असतं. कुणीतरी त्या सापडवल्या, नोंदवल्या, कायदा पाळला. आणि वासरू वासरांनी खाल्लं.

एलियाहूचं नाव आल्यावर कोकणात थोडं थांबायलाच हवं. अलिबाग-पेण-रोह्याकडच्या बेने इस्राएलांना गावात 'शनिवार तेली' म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. तल्मूद त्यांच्यापर्यंत शतकानुशतकं पोचलेला नव्हता. शब्बाथ, सुंता, 'शेमा'ची प्रार्थना आणि खाण्याचे निर्बंध एवढ्यावर त्यांनी धर्म टिकवला. पण एलियाहू हनाबी त्यांच्याइतका जवळचा कुणाचाच नसेल. पोहे, खोबरं, गूळ, फळं यांचा मलिदा करून त्याच्या नावाने नवस फेडतात, आणि अलिबागजवळच्या खडकावरची खूण त्याच्या रथाची म्हणून दाखवतात. तल्मुदात एलियाहू म्हणजे न सुटलेल्या हिशेबांचा शेवटचा साक्षीदार. दोघांनी एकाच पैशावर दावा केला, निवाडा होईना, तर 'एलियाहू येईपर्यंत राहू दे'. कायद्याने 'मला माहीत नाही, पण म्हणून ते माझं होत नाही' असं म्हणायची ही सोय करून ठेवली आहे.

तेल्यांचा विषय निघालाच आहे तर मापाचंही सांगतो. मिश्नेत आहे की तेल किंवा दारू मापाने ओतून दिल्यावर विकणाऱ्याने माप तसंच वाकडं धरून आणखी तीन थेंब पडू द्यावेत. किरकोळ दुकानदाराला यातून सूट, कारण त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रांग असते. घाऊक व्यापाऱ्याने मापं तीस दिवसांनी एकदा साफ करावीत, घरगुती माणसाने वर्षातून एकदा. दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा, वजनं आठवड्यातून एकदा पुसावीत, आणि तराजू तर दर वजनानंतर. वजनं धातूची नकोत, ती झिजतात. दगडाची किंवा काचेची हवीत. खोटं माप घरात लघवीचं भांडं म्हणूनसुद्धा ठेवू नये, कारण न जाणो, कधीतरी कुणी त्यानेच मोजून देईल.

त्याच चर्चेत रब्बी योहानान बेन झक्काई यांची एक पंचाईत नोंदलेली आहे, ती मला फार आवडते. तराजूच्या दांडीत पोकळी करून आत धातू भरायचा, अशा लबाड्यांचे नियम सांगताना ते म्हणतात, बोललो तरी माझी धडगत नाही, नाही बोललो तरी नाही. बोललो तर लबाड शिकतील; न बोललो तर म्हणतील, या पंडितांना आमचे धंदे कुठे कळतात! शेवटी बोललेच. पंडिताने बाजार ओळखला पाहिजे ही अपेक्षाच मुळात किती वेगळी आहे. आपल्याकडे व्यवहारात कच्चा असणं हे अजून सज्जनपणाचं लक्षण मानतात.

आणि लहान पोराचा तो खटला! बापाने मुलाला नाणं देऊन तेल आणायला धाडलं. दुकानदाराने बाटलीत तेल घातलं, उरलेली मोड मुलाच्या हातात दिली. मुलाने वाटेत बाटली फोडली आणि मोडही हरवली. भरायचं कोणी? मिश्ना म्हणते, दुकानदाराने. रब्बी यहूदांना ते मान्य नाही. बापाने पोराला धाडलं ते याचसाठी ना! लहानपणी बाटली घेऊन वाण्याकडे गेलेल्या आणि रिकाम्या हाताने रडत परतलेल्या प्रत्येकाने या खटल्यात कोणाची बाजू घ्यायची ते ठरवावं. मी दुकानदाराला दोषी धरतो, माझी आई धरणार नाही.

जास्त दर लावण्यालाही हिशेब आहे. चालू भावापेक्षा सहावा हिस्सा ही रेघ. त्याहून कमी फरक असेल तर सौदा पक्का. नेमका सहावा हिस्सा असेल तर सौदा पक्का, पण वरचे पैसे परत. त्याहून जास्त असेल तर सौदाच मोडता येतो. फसलेल्या गिऱ्हाइकाला मुदत किती? माल एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवून येईपर्यंत. आपल्या बिलाच्या तळाशी 'भूलचूक देणे घेणे' छापलेलं असतं. किती सुंदर शब्द आहेत ते, घेणं आणि देणं दोन्ही बाजूंना. त्याच्याच शेजारी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असंही छापलेलं असतं. पहिली ओळ आजोबांच्या काळची, दुसरी नातवाची.

तल्मुदात रावा सांगतो की मेल्यानंतर न्यायासमोर माणसाला पहिला प्रश्न विचारतील, 'देवाणघेवाण प्रामाणिकपणे केलीस का?' अभ्यासाला वेळ दिलास का, हा प्रश्न त्यानंतर येतो.

हे सगळं वाचून ज्यू परंपरा म्हणजे प्रामाणिकपणाची खाण असं चित्र उभं करणं सोपं आहे, आणि खोटं आहे. मूळ वचनात 'तुझ्या भावाचं' असा शब्द आहे, आणि रब्बींनी तो अरुंद वाचला. तल्मूदच्या कायद्यात परधर्मीयाची हरवलेली वस्तू परत करण्याचं बंधन नाही. चोरीला मुभा नाही, खोट्या मापाला नाही, फसवणुकीला नाही; श्मुएल स्पष्ट म्हणतात की कुणाच्याही मनाची चोरी करू नये, परक्याच्याही नाही. पण हरवलेलं परत करणं हे भावापुरतं. याला सारवासारव करणारे पुष्कळ आहेत; मला ती करायची नाही. एवढंच म्हणतो की हे बोचत होतं ते आतल्याच लोकांना, आणि त्यांनी त्यावर ज्या गोष्टी सांगितल्या त्या कायद्याहून मोठ्या झाल्या.

शिमोन बेन शेताख जवसाच्या धाग्याचा धंदा करून पोट भरत. शिष्यांनी त्यांच्यासाठी एका अरबाकडून गाढव विकत घेतलं. गाढवाच्या गळ्यात मोती निघाला. शिष्य म्हणाले, आता तुम्हाला राबायला नको. शिमोन यांनी विचारलं, विकणाऱ्याला माहीत होतं का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग जा, देऊन या. शिष्य कायदा सांगू लागले, परक्याचं ठेवता येतं म्हणून. शिमोन म्हणाले, मी काय रानटी माणूस आहे?

दुसरी गोष्ट रोममधली. रब्बी श्मुएल बार सुसर्ताई तिथे गेले असताना राणीचे दागिने हरवले आणि यांना सापडले. दवंडी फिरत होती की तीस दिवसांत आणून देईल त्याला बक्षीस, तीस दिवसांनंतर सापडले तर मुंडकं. हे तीस दिवस थांबले आणि एकतिसाव्या दिवशी दागिने घेऊन गेले. राणी थक्क. दवंडी ऐकली नव्हतीस? ऐकली होती. मग? म्हणाले, तुझ्या भीतीने दिले असं कुणी म्हणू नये. देवाच्या भीतीने दिले. (खरं तर राणीचा महिनाभराचा जीव टांगणीला लागला त्याचं काय, असं मला या गोष्टीबद्दल नेहमी वाटतं. पण असो.)

आणि तेराव्या-चौदाव्या शतकात, दक्षिण फ्रान्समध्ये, मेनाखेम मेइरी यांनी कायद्यातच हात घातला. ज्या समाजांना धर्माचं आणि नीतीचं बंधन आहे ते सगळे या बाबतीत भाऊच, असं त्यांनी लिहून ठेवलं. 'भाऊ' या शब्दाची भिंत त्यांनी आतून सरकवली.

आपली भिंत कुठे आहे? सोसायटीच्या ग्रुपच्या काठाशी. माझ्या फोटोला अंगठे देणाऱ्या एकाही माणसाला, मला धरून, सुचलं नाही की आपल्या लिफ्टमधून रोज वीस-पंचवीस माणसं अशी जातात ज्यांना हा ग्रुप दिसत नाही. आपण भावाला कळवलं, आणि तेवढ्यावर आपला प्रामाणिकपणा पूर्ण झाला.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कायदा नाही का? आहे की. १८७२ च्या करार कायद्यातलं ७१ वं कलम सापडवणाऱ्यावर दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकीच जबाबदारी टाकतं. फौजदारी कायद्यातही, जुन्या दंडसंहितेत ४०३ आणि आताच्या न्याय संहितेत ३१४, मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता वस्तू पचवणं हा गुन्हा आहे. इस्रायलने १९७३ साली स्वतंत्र कायदा करून पोलिसांना कळवणं आणि चार महिन्यांची वाट सांगितली. आपला कायदा त्याच्याहून कमी नाही. पण तो वकिलाला माहीत आहे, पाचवीतल्या पोराला नाही. पाचवीतल्या पोराला आपण बातमी दाखवतो, 'रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा', शाल, नारळ, पोलीस निरीक्षकांबरोबर फोटो. त्या रिक्षावाल्याने बॅग परत करायला अर्धा दिवस घालवला, त्याची भाडी बुडाली, ती कुणी भरून देत नाही. मिश्ना भरून देते. पूर्ण रोज नाही, पण रिकामं बसायला माणूस जे घेईल तेवढं तरी. शालीपेक्षा मला हा हिशेब जास्त आदराचा वाटतो. शाल म्हणते, तू आमच्यासारखा नाहीस, देवमाणूस आहेस. हिशेब म्हणतो, तू कामाचा माणूस आहेस आणि तुझा वेळ गेला.

आणि देवमाणूस ठरवण्यात आपली एक सोय असते. तो देवमाणूस, म्हणून आपल्याकडून तेवढी अपेक्षा नाही.

सगळ्यात मोठी सापडलेली थैली तर व्यक्तीकडे नाहीच. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सरकारी बँकांनी दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवींचे ३५,०१२ कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वळते केले होते, १०.२४ कोटी खात्यांतले. भागाकार करून पाहा. खात्यामागे साडेतीन हजाराच्याही आत. म्हणजे हे धनिकांचे विसरलेले खजिने नाहीत. ही गावच्या शाखेत कुणा मावशीने ठेवलेली, मुलांना न सांगितलेली रक्कम आहे. पैसे बुडत नाहीत, हक्क राहतो, हे खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं संकेतस्थळही निघालं. नाव घाला, पॅन घाला, शोधा. पण शोधायचं कोणी? ज्याला हरवल्याचं माहीतच नाही त्याने. बँकेकडे नाव आहे, पत्ता आहे, पुष्कळदा वारसाचं नावही आहे, आणि तरी यादी लावून ती मोकळी. त्याच वर्षी जूनमध्ये दर जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेने आपल्या सर्वांत मोठ्या शंभर ठेवींचे मालक शंभर दिवसांत हुडकावेत अशी मोहीम निघाली होती. उलटी दिशा होती, म्हणूनच ती योग्य होती. पण मोठ्या शंभरांपासून सुरू झाली. साडेतीन हजारवालीचा नंबर कधी?

मागणी साधी आहे. ज्याच्या हातात वस्तू, त्याच्या पायांना चाल. शाखेतल्या एका माणसाच्या कामात आठवड्याचा एक दिवस हे लिहून टाका. गावच्या ग्रामपंचायतीत, रेशन दुकानात, देवळाच्या पारावर नावं वाचली जाऊ देत. फक्त नावं; रक्कम आणि खाते क्रमांक येणाऱ्याने सांगायचा. लबाड येतील, येणारच. म्हणून तर खूण राखून ठेवायची.

आमच्या सोसायटीत आता गेटवर, जिथे कामाला येणाऱ्या बाया सही करतात त्या टेबलाशी, एक पाटी टांगली आहे. सध्या तिच्यावर खडूने लिहिलं आहे, 'एक छत्री सापडली आहे. खूण सांगून न्यावी.' तीन आठवडे झाले, कुणी आलेलं नाही. दोघांनी रंग चुकीचा सांगितला. छत्री माझ्या गॅलरीत आहे. परवा रविवारी उघडून वाळवली, काडीला तेलाचा थेंब सोडला. बाहेर पाऊस होता, माझी छत्री ऑफिसात राहिली होती, आणि दूध आणायला मी डोक्यावर पिशवी घेऊन गेलो.